चौथी पास

माझ्या मोठीमायला वाचता येत नाही, हे आमच्या गावात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ती स्वतः आणि दुसरा मी.

मोठीमाय म्हणजे मंजुळाबाई, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. शिरड शहापूरला आमचं आणि त्यांचं घर एका भिंतीनं जोडलेलं. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी दोन्ही घरांत जेवायचो आणि जिथं झोप येईल तिथं झोपायचो. थोरले बाबा, उकंडराव, मॅट्रिक झालेले. सकाळी ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचायचे. मोठीमाय आत भाकरी थापता थापता ऐकायची आणि दुपारी बायकांना त्याच बातम्या अशा सांगायची, की वाटावं हिनंच पहाटे उठून पेपर वाचलाय.

मी तिसरीत असताना ती मला घेऊन हिंगोलीला गेली होती. परत येताना स्टँडवर तिनं एकाला विचारलं, "भाऊ, ही गाडी कुठली हाय? चष्मा घरी राहिला माझा." मी तिच्या पिशवीत शेंगा शोधत होतो. हाताला चष्मा लागला.

"मोठीमाय, चष्मा तर हितं हाय!"

तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि पिशवीच्या तळाशी घातला. गाडीत बसल्यावर औंढा गाव मागं पडेपर्यंत ती बोलली नाही. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "मला येत न्हाई वाचता. लग्नाच्या वक्ताला माझ्या बापानं सांगितलं, पोरगी चौथी शिकली. म्या शाळेचं तोंडच पाह्यलं न्हाई. तुझ्या थोरल्या बाबाला आजून ठाव न्हाई. कोणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील."

चष्माही बिननंबरचा होता. कळमनुरीच्या बाजारात, माहेरी गेली असताना घेतलेला. सही करायला ती कुठंतरी शिकली होती, पण ती सही लिहायची नाही, रांगोळी काढावी तशी काढायची. भजनाला बसली की हरिपाठाचं पुस्तक समोर उघडून बसायची आणि बरोबर वेळेला पान उलटायची. सगळं पाठ होतं.

त्या दिवसापासून लग्नपत्रिका, गोळ्यांची पाकिटं, तिच्या भावाची पत्रं मी वाचून दाखवू लागलो. कोणी आलं की ती म्हणायची, "वाच रं हरीश, तुझं वाचन पाहू दे बरं कसं हाय." मी शिकायला बाहेर गेलो तरी कागद साठवून ठेवायची आणि मी आलो की दार लोटून माझ्यापुढे मांडायची. थोरले बाबा सात वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत त्यांना कळलं नाही.

मी मुंबईला गेलो आणि टीव्हीसाठी लिहायला लागलो. आमची मालिका विनोदी होती, नाव 'सात नंबरचं बिऱ्हाड'. पुण्यातल्या एका सोसायटीत राहणारं कुटुंब, शेजारी, मित्र, त्यांची रोजची भांडणं आणि गंमती. आम्ही चार जण लिहायचो. त्यात मी सगळ्यात नवा आणि सगळ्यात गप्प. दीड वर्षानं मालिकेचे आकडे घसरले, तेव्हा चॅनेलची बाई मीटिंगमध्ये म्हणाली, "गावाकडची एखादी आत्या आणू या घरात. पण नेहमीची नको. हरीश, तू तिकडचाच ना? दे काहीतरी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिथं माझ्याकडे असं कोणी बघत नसे. मी म्हणालो, "एक बाई आहे. तिला वाचता येत नाही, पण ती कुणाला कळू देत नाही. कागद पुढे आला की म्हणते, चष्मा घरी राहिला."

खोली हसली. मग मी बिननंबरच्या चष्म्याचं सांगितलं. आणखी हसली. मग मी हरिपाठाच्या पुस्तकाचं सांगितलं आणि चॅनेलच्या बाईनं टेबलावर हात आपटला. मी थांबू शकलो असतो. मी थांबलो नाही. उलट जे घडलंच नव्हतं तेही जोडलं. हॉटेलात ती मेनूकार्ड उलटं धरते आणि खालचा फोन नंबर बोटानं दाखवून म्हणते, "हे आणा, दोन प्लेट."

त्या बाईची आम्ही ताराआत्या केली आणि पंधरा दिवसांत ती घराघरांत पोचली. नटी कसलेली होती. "चष्मा घरी राहिला गं माय" हे वाक्य ती असं ओढायची की लोक आधीच हसायला लागायचे. वाक्याचे रील झाले, ते छापलेले कप निघाले. परीक्षेला नापास झालेली पोरं ते वाक्य म्हणू लागली. मला तिकडं पहिल्यांदा स्वतंत्र टेबल मिळालं.

आमचं सगळं घर रोज संध्याकाळी ती मालिका बघायचं. मोठीमायही आमच्याकडे यायची. ताराआत्या आली त्या दिवशी रात्री आईचा, जिवनबाईचा, फोन आला.

"लई हासलो रं! मोठीमाय बी हासली. मग मधीच उठली. म्हणली, दूध चुलीवर हाय."

"परत आली का?"

"न्हाई. काहून?"

"काही नाही, सहज."

दूध चुलीवर नव्हतं. तिची म्हैस तेव्हा आटली होती, हे मलाही ठाऊक होतं. नंतर ती मालिका बघायला कधीच आली नाही. मी तिला दर रविवारी फोन करायचो. त्या रविवारी केला नाही, पुढच्याही केला नाही. कामाचं निमित्त स्वतःलाच सांगत राहिलो.

मार्चमध्ये गावानं माझा सत्कार ठरवला. शाळेच्या मैदानात मंडप टाकला होता. सकाळचे अकरा वाजले असतील. सूत्रसंचालन पुनमचंदकडे होतं. त्याचं स्टँडजवळ किराणा दुकान आहे आणि माईक हातात आला की तो सोडत नाही. माणूस वाईट नाही. गर्दी हसली की त्याला भान राहत नाही एवढंच. त्या बाबतीत मी त्याला नावं ठेवू शकत नाही.

बायकांच्या बाजूला मोठीमाय दुसऱ्या रांगेत बसली होती. नवं पातळ नेसून आली होती. मी आल्या आल्या पाया पडलो तेव्हा तिनं डोक्यावर हात ठेवला होता, पण माझ्याकडे बघितलं नव्हतं.

पुनमचंदनं आधी ताराआत्याची नक्कल केली. मंडप खदखदला. मग तो माझ्याकडे वळला. "हरीशभाऊ, आता खरं खरं सांगा. ही ताराआत्या आपल्या गावातलीच हाय ना? आमच्या दुकानात एक जण येतेत, त्यांचा बी चष्मा कायम घरीच राहतो!"

काही माना दुसऱ्या रांगेकडे वळल्या. पुनमचंदनं माईक माझ्या तोंडापुढे धरला.

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. मुंबईतली एक शेजारीण आहे, मेलेली आहे, काहीही सांगता आलं असतं. खोटं लिहिण्याचेच तर मला पैसे मिळत होते. पण समोर पाचशे माणसं हसायच्या तयारीत होती. मी हसून म्हणालो, "लेखक आपलं गुपित असं चारचौघांत सांगत नसतो."

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनीच उत्तर दिलं.

पुनमचंद आता पुरता रंगात आला होता. माझ्यासाठी फ्रेम केलेलं मानपत्र आणलं होतं. ते त्यानं उंच धरलं. "मग हे मानपत्र आज मंजुळाबाईच वाचतील! या, वर या. चष्मा आणला का आज?"

माझा भाऊ प्रमोद खालून ओरडला, "ओ, ऱ्हाऊ द्या की!" पण हशात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मोठीमाय उठली. मला वाटलं, घरी जाईल. ती स्टेजच्या पायऱ्या चढली. पुनमचंदनं मानपत्र तिच्या हातात दिलं. ते तिनं सरळ धरलं आणि सगळ्या ओळींवरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. मंडप शांत झाला. मी तिच्यापासून तीन हातांवर उभा होतो, गळ्यात हार, हातात नारळ.

मग ती माईककडे बघून म्हणाली, "मला वाचता येत न्हाई. कधीच येत नव्हतं."

एवढंच. मानपत्र तिनं टेबलावर ठेवलं, पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरून गेली. कुणी हसलं नाही. पुनमचंदचा चेहरा उतरला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी पुढे होऊन मानपत्र वाचून टाकलं. त्यात मला 'ग्रामीण माणसांच्या सुखदुःखाशी एकरूप झालेला लेखक' म्हटलं होतं. मी ते शेवटपर्यंत उभं राहून ऐकलं. तिच्या मागं गेलो नाही. लोक काय म्हणतील, असं वाटलं. हे आज लिहितानाही मला खाली बघावं लागतंय.

दुपारी तिच्या घरी गेलो. ती हळकुंडं निवडत बसली होती. मला बघून तिनं सतरंजी टाकली.

"बसा," ती म्हणाली.

आयुष्यात तिनं मला कधी 'अहो-जाहो' केलं नव्हतं. मी तिचे पाय धरले. तिनं ते सोडवले नाहीत, पण माझ्या पाठीवर हातही ठेवला नाही.

"मोठीमाय, चुकलं माझं. शिव्या दे, मार."

"कशाला मारू? मोठे झाले तुमी." तिनं एक हळकुंड उचलून बाजूला टाकलं. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी मी बी हासले. बाई चांगली करती. मग तिनं पुस्तकाचं पान उलटलं आन मला कळलं."

मी तिचे पाय सोडले आणि सतरंजीवर बसलो.

"एक इचारू? म्या कागद कधी उलटा धरला का? तुमी पाह्यला का कधी?"

"नाही."

"मग तसं काहून दाखवलं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. उलटा कागद जास्त हसवतो. ती मात्र चाळीस वर्षं कागद सरळ धरायला झटली होती. चित्रावरून, शिक्क्यावरून, समासावरून ती तो ओळखायची. तिच्या सगळ्या लबाडीत एवढी एकच गोष्ट कसबाची होती आणि तीच मी खोटी पाडली होती.

"मी शिकवतो तुला," मी म्हणालो. "इथं राहतो महिनाभर. तू दोन महिन्यांत वाचशील."

"आता? लोक म्हणतील टीव्हीमुळं शिकली." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "जाऊ द्या. एक बरं झालं. तुमचे थोरले बाबा हे पाहायला न्हाईत. ते गेले तवा त्यायची बायको चौथी शिकलेली होती."

मी तिथंच रडलो. तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि पुन्हा कामाला लागली.

मुंबईला परतल्यावर मी सांगितलं, ताराआत्याला मालिकेतून काढा. चॅनेलची बाई म्हणाली, "वेडा आहेस का? तिच्यावरच चाललंय सगळं." मी राजीनामा देईन असं ठरवून गेलो होतो. दिला नाही. आणखी अकरा भाग लिहिले. त्यातल्या नऊमध्ये ताराआत्या होती. प्रत्येक वेळी ठरवायचो, तिला या भागात शहाणं करायचं, आणि प्रत्येक वेळी खोलीत कुणीतरी म्हणायचं, "आणि मग ती म्हणते..." आणि सगळे हसायचे. शेवटी माझं लिखाण सपक व्हायला लागलं म्हणून त्यांनीच मला दुसऱ्या मालिकेवर टाकलं. सोडली, असं मी गावात सांगितलं. ते खरं नाही.

यंदा पोळ्याला घरी गेलो. प्रमोदची बायको मला सांगत होती, की मोठीमाय आता कुठंही बिनधास्त म्हणते, "मला येत न्हाई, वाचून सांगा." पुनमचंदनंच एकदा दुकान सोडून येऊन तिला दवाखान्याचा कागद वाचून दाखवला आणि माफी मागितली. तिनं त्याला चहा पाजला. भजनाला ती आता पुस्तक नेत नाही. पहिले दोन महिने गेलीच नव्हती. मग भजनातल्याच धुरपताबाई हाताला धरून घेऊन गेल्या.

दुपारी आमच्या ओसरीवर बायका जमल्या होत्या. मोठीमायही होती. धुरपताबाई आपल्या सुनेचं काहीतरी सांगत होत्या. आवाज खाली आला होता आणि सगळ्या पुढे वाकून ऐकत होत्या. मी पाणी प्यायला आत आलो आणि माठाजवळ थांबलो. धुरपताबाई मधेच थांबल्या.

"सांग की गं पुढं," कुणीतरी म्हणालं.

"जपून बाई," दुसरी माझ्याकडे मान वळवून म्हणाली. "हे लिहितेत."

सगळ्या हसल्या. मोठीमायही थोडी हसली. पण कुणी पुढचं सांगेना. आईनं कापसावर कोणती कीड पडलीय ते काढलं, त्यावर दोन-चार वाक्यं झाली, मग तेही संपलं. मोठीमायनं विचारलं, "किती दिवस हायेत तुमी?"

"परवा जातो."

"बरं."

मी पेला धुऊन पालथा घातला आणि बाहेर पडलो. फाटकापाशी पोचेपर्यंत ओसरीवर पुन्हा बोलणं सुरू झालं होतं.