एनेलेसीची ताटली

मी एक जुनी ताटली आहे, मित्रांनो. इनॅमलची, पांढरी, काठाला निळी रेघ असलेली. पण माझ्यात काही वाढायला जाऊ नका, सगळं खाली सांडेल. माझ्या तळाला भोक आहे, आणि ते मुद्दाम पाडलेलं आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. भट्टीची धग तेवढी आठवते. झोंबा शहराच्या बाजारात नाचिसाले नावाच्या बाईने मला तिच्या लेकीसाठी, एनेलेसीसाठी घेतलं. भावंडांबरोबर एकाच ताटात हात घालायचा एनेलेसीला कंटाळा आला होता. मग रोजचा न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि तळलेले चिमुकले मासे ती माझ्यातच खायची. बोटाने मला इतकं निपटून काढायची की आई म्हणायची, "अगं, ती निळी रेघ तरी राहू दे!" इतकं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

एका पावसाळ्यात एनेलेसीला ताप आला आणि ती गेली. गावाबाहेरच्या दाट झाडीत, जिथे त्यांची आधी गेलेली सगळी माणसं होती, तिथेच तिला पुरलं. मामाने कुदळीच्या टोकाने माझ्या तळाला भोक पाडलं आणि मला मातीच्या उंचवट्यावर ठेवलं. आमच्याकडे रीतच आहे तशी. माणूस गेलं की त्याचं ताटही मारायचं, म्हणजे जिवंत माणसं त्यात जेवणार नाहीत. मी मेले असं सगळ्यांनी मानलं. मला मात्र ते काही जमलं नाही.

पुढे शहर वाढत वाढत झाडीपाशी आलं. झाडं कोळशासाठी तुटली. ज्यांना झेपलं त्यांनी आपली माणसं नव्या दफनभूमीत नेऊन सिमेंटची थडगी बांधली. बाकीच्यांचे उंचवटे पावसाने सपाट केले. मग तिथे हिरवळ आली, बाकं आली, झोपाळे आले आणि लोक त्याला बाग म्हणू लागले. एनेलेसी कुठे आहे याची खूण म्हणून फक्त मी उरले, गवतात अर्धी रुतलेली.

नाचिसाले आता म्हातारी झाली होती. सगळे तिला गोगो, म्हणजे आजी, म्हणायचे. तिची नजर अधू झाली होती. रविवारी प्रार्थना झाली की ती यायची, हाताने चाचपत मला शोधायची, कमरेच्या कापडाने पुसायची आणि लेकीशी बोलत बसायची. शेजारणीच्या कागाळ्या, मक्याची रड, सगळं सांगायची. सांजावलं की माझ्या भोकातून वारा बारीक शीळ घाली आणि खेळणारी मुलं घाबरून घरी पळत. मित्रांनो, मलाही भीती वाटायची. तो आवाज माझा आहे असं मला कधीच वाटलं नाही.

मग बागेत स्वयंसेवक येऊ लागले. फार चांगली माणसं. शनिवारची झोप मोडून यायची, बाटल्या, पिशव्या, कणसांची बुरकुंडं गोळा करायची आणि गाणी म्हणायची. त्यांचे म्होरके होते लिकोंग्वे; सगळे त्यांना बाम्बो, म्हणजे बाबा, म्हणायचे. ते एकदा ओरडले, "फुटकंतुटकं काहीही ठेवायचं नाही! बाग आरशासारखी दिसली पाहिजे!" तियामिके नावाच्या मुलीने चिमट्याने मला उपसलं आणि पोत्यात टाकलं. ती सिमेंटची थडगी बघत वाढलेली. तिला मी गंजकी ताटली वाटले, यात तिचा काय दोष? मी पोत्यात पत्र्याच्या डब्यांशी आपटत राहिले. एनेलेसीपासून मी पहिल्यांदाच दूर गेले होते.

दुसऱ्या दिवशी गोगो आली. तियामिके आणि लिकोंग्वे बागेच्या शेडमध्ये भंगार निवडत होते. गोगो गुडघ्यांवर रांगत गवत चाचपत होती.

"गोगो, काय हरवलंय?" तियामिकेने विचारलं.

"ताटली गं."

"जेवणाची?"

"जेवणाची असती तर घरी नसती का, बाई?"

लिकोंग्वेंच्या हातातला डबा खाली पडला. त्यांनी पोतं उलटं केलं आणि मला उचलून धरलं. "हे भोक बघितलंस?"

"मला गंज वाटला, बाम्बो."

"गंज कसला! हे मारलेलं ताट आहे." मग ते माझ्यावरची माती पुसू लागले. "फुटकं ठेवू नका म्हणून मीच ओरडत होतो. कुठून उचललीस? आठव, पोरी."

तियामिके बागभर हिंडली. गवत सारखं कापलेलं होतं, झाडलेलं होतं. बाग खरोखर आरशासारखी झाली होती आणि तिच्यात कसलीच खूण उरली नव्हती. गोगो तिच्या पावलांच्या आवाजाकडे कान लावून उभी होती. तियामिकेचे डोळे भरून आले. ती एका बाकाजवळ थांबली आणि म्हणाली, "इथेच, गोगो. अगदी इथेच."

"नक्की ना?"

"नक्की."

मला तिथे ठेवलं. मित्रांनो, ती जागा ती नव्हे. एनेलेसी पलीकडे आहे, जिथे स्वयंसेवक भरलेली पोती रचतात आणि वरून ये-जा करतात. माझ्या खाली नुसती माती आहे.

त्या दिवशी गोगो बराच वेळ बोलली. मग तिने जमिनीवर तळहात ठेवला. "एनेलेसी," ती म्हणाली, "आज काहीच कसं बोलत नाहीस गं? रागावलीस?"

ती अजून दर रविवारी येते आणि हेच विचारते. माझ्या भोकातून वारा आता शीळही घालत नाही. मला तोंड असतं तर मी म्हटलं असतं, आई, जरा पलीकडे सरक. तुम्हाला तोंड आहे, मित्रांनो. बाग झाडा, जरूर झाडा. पण मातीत रुतलेलं काही उपसण्याआधी हे कुणाचं आहे, एवढं विचारत जा.