दोन बोटं जास्त

शिंपीणबाईंचं त्या सकाळी कशातच चित्त नव्हतं. सुईत दोरा ओवताना तीनदा निसटला, डावी बाही उजवीकडे लावली, ती उसवली, आणि मग काम मांडीवर ठेवून त्या घड्याळाकडे बघत बसल्या. त्यांची नऊ वर्षांची पोरगी आज पहिल्यांदाच नव्या सायकलवरून एकटी शाळेत गेली होती.

सायकल काल संध्याकाळी दुकानातून घरपोच आली. हिरवीगार, घंटीची, मागे कॅरिअर. पोरीनं घरासमोर चार फेऱ्या मारल्या तेव्हा बाई मागून सीट धरून धावत होत्या आणि सगळं झकास वाटत होतं. आता धरलेल्या सायकलवर पाय कुठं टेकतायत, हे कोण बघतं? आज सकाळी मात्र पोर घराच्या पायरीवर चढली, तिथून सीटवर बसली आणि मग निघाली. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. तरी त्यांनी हात हलवून निरोप दिला, कारण सायकलसाठी माप त्यांनी स्वतः दिलेलं होतं.

आणि मापाचा बाईंचा तोरा काय विचारता! सायकलवाल्यानं फोनवर नीट सांगितलं होतं, की मुलीला घेऊन या, भिंतीला टेकवून उभी करू, दोन पायांच्या मध्ये वही धरून जमिनीपासूनची उंची मोजू, मग बघू कुठली बसते ते. बाईंनी त्याला तिथंच गप्प केलं. बावीस वर्षं मापं घेतेय, मला शिकवायला येऊ नका म्हणाल्या, आणि मापांची वही उघडून पोरीच्या पायाचा आकडा धाडकन सांगून मोकळ्या झाल्या. तो बिचारा बरं म्हणाला. बाईंपुढं दुसरं काय म्हणणार?

साडेअकराला वरच्या मजल्यावरची शेजारीण पोराची पँट घेऊन आली. भांडायला नव्हती आली, पण तोंड आंबट होतं. पँट लांब झाली, जिन्यात पायाखाली आली, पोराचा गुडघा फुटला, एवढं तिनं सांगितलं. बाईंचं नाक लगेच वर गेलं. पाठीमागे सगळे आपल्याला 'दोनबोटं' म्हणतात हे त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते नाव आवडायचं.

"मुलांचं माप मी दोन बोटं जास्तच धरते," त्या ठसक्यात म्हणाल्या. "वाढतं अंग असतं. आणि कापताना विसरायला नको म्हणून वहीत लिहितानाच जास्तीसकट लिहिते."

एवढं बोलल्या आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

वही मशीनच्या खणात होती. पोरीचं पान काढायचीही गरज नव्हती, तरी त्यांनी काढलं. तोच आकडा. जास्तीसकट. पँट पायाशी दुमडून टाके घालता येतात, सायकल कुठं दुमडणार? सीट तर दुकानदारानं अगदी तळाला बसवूनच पाठवली होती.

शाळा बारा वाजता सुटायची. येताना सरळ उतार, खाली चौरस्ता, आणि तिथं वळणारे मालाचे ट्रक. बाई उठल्या. शेजारीण काहीतरी विचारत होती, तिला तशीच मशीनपाशी सोडून त्या निघाल्या. पायात एक चप्पल स्वतःची, एक नवऱ्याची, गळ्यात टेप लोंबकळतेय. कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत धाप लागली, पण थांबायची सोय नव्हती.

धावता धावता एकच विचार डोकं खात होता. कार्टी बोलली का नाही? पाय पोहोचत नाहीत, एवढं म्हणायला काय झालं होतं? आणि उत्तर त्यांना लगेच सापडलं, ते काही सुखाचं नव्हतं. पोर कधीच काही म्हणत नसे. स्वेटरच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या, बुटात पुढं कापूस कोंबलेला, स्कर्ट कमरेला पिनेनं आवळलेला. दरवेळी बाई म्हणायच्या, वाढशील की. पोर वाढायचीही, पण कपडे अंगाला बरोबर बसेपर्यंत विटून गेलेले असायचे. स्वतःच्या मापाचं नवंकोरं असं तिनं आजवर काही घातलंच नव्हतं. आई शिंपीण असून.

चौरस्त्याशी आल्या आणि पोर दिसली. फुटपाथच्या अगदी कडेकडेनं येत होती. थांबावंसं वाटलं की डावा पाय काढून फुटपाथच्या काठावर टेकवत होती, पुन्हा निघत होती. हिकमती पोर. बाईंना क्षणभर हायसं वाटलं. मग उताराच्या शेवटी, जिथं गोदामाच्या फाटकासाठी फुटपाथ तुटलेला होता, तिथं एक ट्रक वळायला लागला. पोरीनं ब्रेक दाबला आणि पाय बाहेर काढला. खाली फुटपाथ नव्हताच. पाय हवेत चाचपडला आणि सायकल तिला घेऊन रस्त्यावर आडवी झाली.

ट्रकचा ब्रेक करकचला. चाक सायकलपासून हातभर अंतरावर थांबलं. बाई पलीकडच्या बाजूला होत्या. त्या रस्ता ओलांडून पोहोचल्या तेव्हा पोर उठून बसली होती. कोपर सोललेलं, डोळ्यांत पाणी, आणि एक हात हँडलवर घट्ट.

"आई, सायकलला काही नाही झालं," ती घाईघाईनं म्हणाली. "मी वाढेन लवकर."

बाईंना रडू कोसळलं. रागवायचं कुणावर हे ठरेना, तेव्हा त्या ट्रकवाल्यालाच हात जोडून पुढं झाल्या. सायकल एका हातानं, पोर दुसऱ्या हातानं, अशी वरात घरी न जाता थेट सायकलच्या दुकानात गेली.

दुकानदारानं कोपर पाहिलं, गळ्यातली टेप पाहिली, आणि मी सांगितलं होतं असं एकदाही म्हणाला नाही. पाणी दिलं. मग वही आणली आणि पोरीला भिंतीशी उभं केलं. पोर सवयीनं पाठ ताठ करून, श्वास रोखून उभी राहिली. बाईंची नजर खाली गेली. बुटांच्या टाचा जमिनीवरून वर उचललेल्या होत्या. थोड्याशाच, कुणाला कळू नये इतक्याच.

दर मापाला ही अशीच उभी राहत असणार. आणि आपण त्याच्यावर आणखी दोन बोटं धरत आलो.

बाई मटकन खाली बसल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही घोटे धरले.

"टाचा टेकव."

"मग छोटी सायकल येईल."

"येऊ दे."

"पुढच्या वर्षी पुरणार नाही, आई."

"पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी बघू. आज तुझे पाय जमिनीला टेकले पाहिजेत."

पोरीनं आधी आईकडे पाहिलं, मग दुकानदाराकडे. मग हळूहळू टाचा खाली आल्या. दुकानदारानं आकडा सांगितला. बाईंनी तो जसाच्या तसा तळहातावर लिहून घेतला, आणि लिहून झाल्यावरही पोरीच्या पायाशी तशाच बसून राहिल्या.