चाकांवरची खोली

मी एक पत्र्याची खोली बोलतेय. मला चार चाकं आहेत. हसू नका. ती चाकं नसती, तर मी केव्हाच बेकायदा ठरले असते.

एका वेल्डरने मला जोडलं ते रस्ता बांधणाऱ्या कामगारांसाठी. रस्ता संपला, कामगार पुढे गेले, आणि एका गोठ्याच्या मालकाने मला आपल्या शेतातल्या चढावर आणून उभं केलं. खाली चाळीस गाई, वर मी. माझ्यात राहायला आले मालकाच्या गाई सांभाळणारा गोठेवाला, त्याची बायको आणि त्याची आई.

शेतजमिनीवर घर बांधायचं नाही, असा नियम आहे. नियम वाईट नाही; तो नसता तर हौशी लोकांनी बंगले बांधून गाईंना कधीच हुसकावलं असतं. पण गाईंची काळजी घेणाऱ्याने राहायचं कुठे? तर त्याने आधी सिद्ध करायचं, की गाईंचं आपल्यावाचून अडतं. तोवर त्याला तात्पुरता निवारा, म्हणजे चाकांवरचा. मी खरंच हलते का, ते पाहायला दरवर्षी तपासनीस येणार. हलले नाही, तर मी पक्कं घर ठरणार, आणि यांनी पंधरा दिवसांत बाडबिस्तरा गुंडाळायचा. खाली गाईंच्या गोठ्याला मात्र विटांच्या भिंती होत्या. गाईंना काहीच सिद्ध करावं लागलं नव्हतं.

पहिली दोन वर्षं मालकाच्या ट्रॅक्टरने मला हातभर ओढलं आणि काम भागलं. तिसऱ्या वर्षी तपासणीची चिठ्ठी आली, तेव्हा ट्रॅक्टर दुरुस्तीला गेला होता, माझी चाकं गंजली होती आणि सासूबाईंनी लावलेला भोपळ्याचा वेल चाकातून छपरावर पोचला होता.

"आई, वेल काढावा लागेल."

"का रे? भोपळा काय पक्कं बांधकाम आहे?"

"साहेब म्हणतील, यांनी इथे मुळं धरली."

"तीन वर्षं झाली, मेल्या. धरणारच की!"

वेल निघाला. राहिला गंज. घरात वंगण नव्हतं, म्हणून गोठेवाल्याने धारेआधी गाईच्या सडांना लावायच्या मलमाचा अख्खा डबा आणला आणि माझ्या चाकांना चोळू लागला.

"अहो, गाय आहे का ती?" बायको म्हणाली.

"जिथे घासतं तिथे हेच लावतात. अठरा वर्षं लावतोय मी."

खरं सांगते, इतक्या मायेने मला कोणी कधी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासनीस आला. सरळ माणूस, पण मोजपट्टीवाचून त्याचा कशावरच विश्वास नसायचा. त्याने खिडक्या मोजल्या, दार मोजलं. सासूबाईंनी चहा दिला, तसा तो आतच टेकला. "हलवा आता. मी इथूनच बघतो, बाहेर ऊन आहे."

गोठेवाल्याने चाकांखालचे दगड काढले. नवरा-बायकोने खांदा लावला. मला हातभरच जायचं होतं. पण चाकांना मलम आणि समोर उतार! मी निघाले ती निघालेच.

"अहो, धरा तिला!"

"कुठे धरू?"

"साहेब, कप सांभाळा!" आतून सासूबाई ओरडल्या.

मी गोठ्याच्या भिंतीलगतच्या शेणाच्या ढिगात जाऊन रुतले. काडकन आवाज झाला आणि माझा पुढचा आस मोडला. चाळीस गाईंनी रवंथ थांबवून पाहिलं.

तपासनीस बाहेर उतरला तो गुडघाभर शेणात. शर्टावर चहा. "हलते," तो म्हणाला.

"हलते काय, पळते!" सासूबाई म्हणाल्या.

"पण आता आस मोडलाय. म्हणजे यापुढे हलणार नाही." त्याने डोकं खाजवलं. "मग मी लिहू काय?"

 गोठेवाल्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्याच्या बायकोने कान टवकारले आणि ती अनवाणीच गोठ्यात धावली. तिच्यामागे नवरा.

"साहेब, लवकर या! पाय धरा!" आतून हाक आली.

"कोणाचे?"

"वासराचे! उलटं आलंय!"

गोठेवाला गाईचं डोकं धरून बसला होता. बायकोचा हात कोपरापर्यंत आत होता. तपासनीसाने मोजपट्टी खिशात टाकली आणि मागचे दोन निसरडे पाय पकडले. ती "ओढा" म्हणाली की ओढायचं, "थांबा" म्हणाली की थांबायचं. अर्ध्या तासाने वासरू बाहेर पडलं आणि शिंकलं.

"हे... असं नेहमी होतं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"रोज नाही. पण कधी होणार, ते गाय आधी अर्ज करून कळवत नाही."

"आणि तुम्ही लांब गावात राहत असता तर?"

"तर आज तुम्ही दोन मुडदे मोजले असते, साहेब."

त्याने बरबटलेल्या हातानेच कागदावर लिहिलं: गरज स्वतः पाहिली. खोली हलवण्याचा आग्रह धरू नये.

तरी निर्णय द्यायला वरच्या कचेरीने नऊ महिने लावले. काय पाहत होते, देव जाणे! तोवर तिघं माझ्यात तिरकी राहिली. आमटी पातेल्याच्या एका कडेला उकळायची. झोपेत सासूबाई घरंगळून सुनेला टेकायच्या. दोघी इतक्या जवळ याआधी कधीच आल्या नव्हत्या.

आता पक्क्या घराची परवानगी आलीय. भिंती खिडकीपर्यंत चढल्या आहेत आणि सासूबाई गवंड्याला रोज नवी सूचना देतात. माझ्यात वासरं ठेवायचं ठरलंय. तसा अर्ज मालकाने सोमवारी दिला आणि गुरुवारी तो मंजूरही झाला.

नियम करणाऱ्यांना माझी एकच विनवणी आहे. माणसाची गरज कागदावर मागवू नका, स्वतः येऊन बघा. येताना फक्त जुने कपडे घाला.