शेवट कळला की दिवा

माझा नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. काम चालतं समोरच्या खोलीत, आणि घराचं दारही त्याच खोलीत आहे. म्हणजे बाहेर जायचं तर प्लास्टरच्या जबड्यांनी भरलेल्या फळ्यांपुढून, त्याच्या टेबलाला वळसा घालून जायचं. जायचं, असं आपलं म्हणायचं. दाराला आतून कुलूप असतं आणि किल्ली त्याच्या गळ्यात, भिंगाच्या दोरीला.

तो ओरडत नाही, हात उगारत नाही. "बाहेर गार आहे गं," म्हणतो. "काय हवं ते सांग, मी आणतो." पडद्यांच्या दुकानातली माझी शिलाईची नोकरी अशीच गेली, रोजच गार असायचं. माझा फोन दुरुस्तीला गेला तो गेलाच. आणि आता पानगळ संपली की आम्ही डोंगरापलीकडे, त्याच्या काकांच्या रिकाम्या घरात राहायला जाणार होतो. तिथे शेजार नाही, फोन लागत नाही. "कसली शांतता आहे!" तो म्हणाला. एकदा तिकडे गेले की मी गेलेच, हे मला स्वच्छ दिसत होतं.

बाहेरच्या जगाशी एकच धागा उरला होता, रविवारी दुपारी येणारा धाकट्या भावाचा फोन. तोही नवऱ्याच्या फोनवर, स्पीकर लावून, जबड्यांच्या मधोमध. "आपल्यात लपवायचं काय?" हे वर. एकदा मी नुसतं "ये ना भेटायला" म्हणाले, तर पुढचे कित्येक रविवार फोनच बिघडलेला होता. तेव्हापासून मी जीभ सांभाळायला शिकले.

धाकटा दुसऱ्या गावात बेकरीची गाडी चालवतो आणि भयपटांवर जीव टाकतो. हे वेड आम्हा दोघांचं. आत्याच्या घरी वाढलो, तेव्हा अंगणातली पानं पिवळी पडली की आमचा मोसम सुरू व्हायचा. साधेसुधे भयपट आम्हाला चालायचे नाहीत. चार गोष्टींचेच हवेत. चार सुट्या गोष्टी आणि त्यांना बांधणारी पाचवी. पाचवीत काही माणसं कुठल्यातरी खोलीत अडकलेली असतात आणि कोणीतरी त्यांना बाकीच्या चार सांगत असतं. धाकटा म्हणायचा, "ताई, खरा सापळा पाचवीत. गोष्टीतली माणसं एखादवेळी सुटतात, पण ऐकत बसलेली कधी सुटत नाहीत."

बघताना खोलीत अंधार करायचा. नियम एकच होता. ज्याला शेवट आधी कळेल त्याने एक अक्षर न बोलता उठायचं आणि दिवा लावायचा. हरेल त्याने भांडी घासायची. धाकटा कायम माझ्याआधी उठायचा. त्या घरातली निम्मी भांडी माझ्या हातून झिजली असतील.

तर त्या रविवारी त्याने विचारलं, "यंदा काय बघितलंस?"

टीव्हीने डोकं बिघडतं म्हणून नवऱ्याने तो केव्हाच विकला होता. मी म्हणाले, "यंदा काही नाही. पण एक जुना आठवला. तू नव्हतास तेव्हा बघितलेला."

"माझ्याशिवाय? फितूर कुठली! सांग बरं."

"एका बाईला घराबाहेर पडता येत नाही. नवरा घड्याळजी असतो, चांगला प्रेमळ. फक्त दार उघडत नाही. बाईचे बूट नुसते दाराशी पडून असतात."

"आणि भूत?"

"भूत नाही."

"मग कसली पुचाट गोष्ट! ती निघून का जात नाही? तोंड शिवलंय का तिचं? लिहिणाऱ्याला अक्कल नाही बघ."

इतका संताप आला की एक जबडा उचलून त्या फोनवर हाणावासा वाटला. सख्खा भाऊ, आणि त्याला भूत हवं! नवरा मात्र हसला. हातातली कानस खाली ठेवून म्हणाला, "बरोबर बोलतोय तो. पण घड्याळजीचंही चुकलंच. बाईचे बूट दाराशी राहू द्यायचेच कशाला? कपाटात घालून टाकायचे. मग तिच्या मनातसुद्धा येत नाही."

दुसऱ्या दिवशी माझे बूट दाराशी नव्हते. कपाटाला नवं कुलूप होतं.

मी पोटभर रडले. वाट शोधायला गेले आणि त्यालाच आणखी एक कडी दाखवून बसले. पण रडता रडता एक गोष्ट लक्षात आली आणि रडू थांबलं. त्या घड्याळजीत त्याला स्वतःचा चेहरा दिसलाच नव्हता. त्याला दिसलं होतं ते फक्त घड्याळजीचं चुकलेलं. असे सिनेमे त्याने जन्मात पाहिले नव्हते, त्यामुळे ऐकत बसणाऱ्याचं काय होतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. जो गोष्टीतून बूट उचलतो, तो आणखीही काही उचलेल.

पुढच्या रविवारी त्यानेच खुर्ची ओढली. "त्या घड्याळजीचं पुढे काय झालं गं?"

"दुसऱ्या गोष्टीत तो घर बदलतो," मी म्हणाले.

"थांब, थांब," फोनमधून धाकटा करवादला. "दुसऱ्या गोष्टीत तोच माणूस? नियमात बसत नाही, ताई."

"या सिनेमात बसतं. चारही गोष्टी एकाच घरातल्या आहेत."

तिकडे चालू असलेला रेडिओ बंद झाला. मी घाईने पुढे सांगितलं. सामान हलवायला घड्याळजी हमाल आणतो. हमालांना दिसतं, बाईच्या पायात काही नाही. ते बाजारात बोलतात, बाजार गावात बोलतो, आणि संध्याकाळी दाराशी ही गर्दी.

"गाढव आहे!" नवरा टेबलावर थाप मारून म्हणाला. "परके हमाल आणायचेच कशाला? घरचं माणूस बोलवायचं. घरच्याला कधी संशय येत नाही."

"पण घरचं असं कोण असतं, अहो?" मी विचारलं.

तो जरा वेळ भिंगाशी खेळत राहिला. मग फोनकडे वाकला. "काय रे, तुझी ती बेकरीची गाडी केवढी आहे?"

"ऐसपैस आहे, भाऊजी. फक्त कपड्यांना पावाचा वास लागेल." धाकटा हसला. मग म्हणाला, "ताई, शेवट राहिला."

"शेवट तूच ओळख."

"हं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. आता हे "हं" समजल्याचं होतं की तोंडात पाव होता, देव जाणे. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. खोकी भरत होते आणि मनात एकच घोळत होतं, की याला कळलं नसेल तर मीच आपल्या भावाच्या गाडीतून आपली कैद वाहून नेणार.

तो आला भर दुपारी, लख्ख उन्हात. बाहीवर पीठ, तोंडावर हसू. "कवळ्या मोजून घ्या हं भाऊजी, वाटेत एखादा जबडा पाव खायचा!" नवरा खो खो हसला. त्याने स्वतःच्या हाताने कुलूप काढलं, दार सताड उघडलं. दोघांनी पलंग नेला, कपाट नेलं, कपाटात माझे बूट गेले. धाकट्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी मोज्यांवर भिंतीला टेकून उभी होते. कायम माझ्याआधी उठणारा माझा भाऊ खोक्यांना दोऱ्या बांधत होता आणि शीळ घालत होता. मला त्याची, स्वतःची, सगळ्या जगाची चीड आली. डोळे भरून आले, तेही नवऱ्यादेखत पुसता येईनात.

शेवटी राहिलं जबड्यांचं सगळ्यात जड खोकं. धाकट्याने ते उचललं आणि नवऱ्याच्या हातांवर ठेवलं. "सांभाळून हं, तळ कच्चा आहे. खालून दोन्ही हात लावा."

नवऱ्याने दोन्ही हात लावले.

मग धाकट्याने माझ्या पायांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याचं हसू गेलं. तो दाराशी गेला, भिंतीवरच्या बटणावर हात ठेवला आणि दिवा लावला. एवढ्या उन्हात तो पेटलाय हे कळतसुद्धा नव्हतं.

"दिवसाढवळ्या दिवा कशाला रे?" नवऱ्याने विचारलं.

धाकटा काही बोलला नाही. बोलायचं नाही, हाच तर नियम होता. तो दार आणि नवरा यांच्या मधे उभा राहिला.

मी भिंत सोडली. टेबलाला वळसा घातला, रिकाम्या फळ्यांपुढून गेले. "अगं, बूट!" मागून नवरा ओरडला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ओरडला. खोकं कशावर तरी आदळल्याचा आवाज आला, मग जबडे फरशीवर घरंगळल्याचा.

मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला. मोज्यांखाली वाळकी पानं चुरचुरली. बाहेर खरंच गार होतं.