काजं तेवढी राहिलीत

मास्तरांनी कप पुढे केला. बाईंनी तोंड फिरवलं आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. मास्तरांनी कप स्टुलावर ठेवला, चपला न घालताच जिना उतरले आणि ते वाक्य तोंडातून सांडू नये म्हणून पुटपुटत पुटपुटत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात शिरले.

"इटीस टूहॉट," काउंटरवर टेकून ते म्हणाले. "लवकर सांगा, विसरेन."

औषधवाला खोकल्याची बाटली कागदात गुंडाळत होता.

"गरम आहे म्हणतायत, मास्तर. काय दिलंत?"

"चहा. दुसरं काय देणार!"

ते वर आले तेव्हा चहावर साय धरली होती. बाईंनी कपात पाहिलं आणि एकच शब्द बोलल्या. तो मात्र मास्तरांना कळला. कोल्ड ड्रिंकच्या कृपेने 'कोल्ड' सगळ्या जगाला येतं. मास्तरांनी तो चहा स्वतः पिऊन टाकला आणि पुन्हा आधण ठेवलं.

मास्तर म्हणजे शिंपी. शिंप्यालाही मास्तरच म्हणतात, त्यामुळे एका घरात दोन मास्तर आणि त्यातल्या एकाची मजल एबीसीडीच्या पुढे नाही, हा विनोद दोघांनी लग्नापासून पुरवून पुरवून वापरला होता. बाईंनी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं. मग एक दिवस मेंदूत गुठळी झाली. चालणं परत आलं, हातही बराचसा परत आला, पण मराठी काही परत आली नाही. मास्तर काही बोलले की बाई त्यांच्याकडे अशा बघत, जणू शेजारच्या घरात रेडिओ लागलाय.

"असं होतं कधी कधी," वाचेवर उपचार करणारी डॉक्टरीण म्हणाली होती. "घरातली भाषा जाते, शिकलेली राहते."

"परत येईल ना?"

"नक्की नाही सांगता येत, काका. पण जी आहे ती बोलती ठेवा. कुणी बोललं नाही, तर तीही जाईल."

बोलती ठेवा! सांगायला काय जातंय? घरात माणसं दोन. त्यातल्या एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नाही आणि ज्याला कळत नाही त्यानेच दुसऱ्याला बोलतं ठेवायचं. मास्तर त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले होते. बाई शेजारी उभ्या होत्या, अनोळखी माणसाची वाट बघावी तशा.

तसे मास्तर बोलण्यात कुणाला हार जाणारे नव्हेत. हाडाचे कारागीर, पण जगातल्या सगळ्या शिंप्यांसारखे अट्टल खोटारडे. कापडाला कात्री लागली नसली तरी गिऱ्हाइकाला सांगायचे, "झालंच हो! काजं तेवढी राहिलीत. उद्या या." आणि खरंच शिवून झालं असलं तरी एखादं काज मुद्दाम ठेवायचे. एकदा बाईंनी पकडलं तेव्हा म्हणाले होते, "अगं, पुरा झालेला कपडा घेऊन गेला, की माणूस वर्षभर फिरकत नाही. काज राहिलं, की उद्या येतो, टेकतो, चार गोष्टी बोलतो." बाई पोट धरधरून हसल्या होत्या. तेव्हापासून मास्तरांनी चहाचा दुसरा कप मागितला, की स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "उद्या या!" आणि पाठोपाठ कपही यायचा.

आता स्वयंपाकघरात मास्तरच असत.

लेकीचा फोन आला तेव्हा ते भांडी घासत होते.

"बाबा, मी रविवारी गाडी घेऊन येतेय. आईला नेते माझ्याकडे."

"आणि मी?"

"आमचं घर केवढंसं, बाबा... तुम्ही येऊन-जाऊन राहा ना. इथे हे आहेत, मुलं आहेत, सगळे इंग्रजी बोलतात. तिथे ती कोणाशी बोलणार? तुम्हीच सांगा."

लेक वाकडं बोलत नव्हती, हेच तर दुखणं होतं. मास्तरांनी फोन ठेवला, नळ बंद केला, हात पुसले आणि औषधवाल्याकडे गेले.

"मला इंग्रजी शिकवा."

"किती?"

"रविवारपर्यंत मावेल तेवढं."

औषधवाला एके काळी बाईंच्याच वर्गात होता. त्याने गिऱ्हाइकं वाटेला लावली, गोळ्यांची तीन पाकिटं काउंटरवर मांडली आणि एकेकावर बोट ठेवलं.

"ही सकाळची. घेतली, संपलं, तो भूतकाळ. ही दुपारची, घेतोय. ही संध्याकाळची, घेणार. भविष्यकाळ तुम्हाला शिकवायला नको, मास्तर, तुमचा धंदाच त्यावर चाललाय."

"थट्टा नको. पुढे चला."

"पुढे 'हॅव'. गोळी घेतलीय, पण असर अजून पोटात आहे. घेणं झालं, पण संपलं नाही. आय हॅव टेकन."

मास्तरांनी मान हलवली. झालंय पण संपलं नाही, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घोडं अडलं ते भलतीकडेच.

"गो, वेंट, गॉन. हे वेंट मधेच कुठून उपटलं? 'गो'चं 'गोड' का नाही?"

"मीही हेच विचारलं होतं. बाईंनी बाकावर उभं केलं होतं मला त्यापायी." औषधवाला हसला. "बाईंचं एक होतं बघा. चुकलं की तुटून पडायच्या. मग तास संपो, घंटा होवो, सोडायच्या नाहीत. आणि बरोबर आलं की 'गुड, सिट डाऊन'. खेळ खलास. हुशार पोरांशी बाई कधी बोलल्याच नाहीत."

"वेंट," मास्तर म्हणाले. त्यांचं लक्ष त्या एका शब्दावरच होतं. "वेंट, वेंट, वेंट."

दुकानात शिलाई मशीनच्या तालावर पाठांतर चांगलं होतं, हे त्यांना नव्यानेच कळलं. पाय पायडलवर आणि तोंडाने ईट-एट-ईटन. कोट न्यायला आलेला माणूस दारातच थबकला.

"झाला का, मास्तर?"

"आय हॅव स्टिच्ड."

"म्हणजे झाला?"

"नाही. काजं राहिलीत."

घरी मात्र मास्तरांनी तोंड उघडलं नाही. सगळ्या गावाचं इंग्रजी तपासलेल्या बाईपुढे तोडकंमोडकं बोलायचं? छे! कच्च्या टाक्यांवरचा कपडा मास्तरांनी जन्मात कुणाच्या हाती दिला नव्हता. आधी पाठ पक्का होऊ दे, मग बोलू. पूर्वी निदान मराठीत बडबड तरी चालायची त्यांची, तीही आता बंद झाली, कारण डोक्यात एका वेळी एकच भाषा मावत होती. ते मुकाट्याने चहा देत, बाई मुकाट्याने घेत. आठवड्याच्या सुरुवातीला बाई पूर्ण वाक्य बोलत होत्या, चहा फार गरम आहे म्हणून. गुरुवारी नुसतं 'हॉट' म्हणाल्या. शनिवारी काहीच बोलल्या नाहीत, कप दूर सारला. मास्तरांना ते दिसत होतं. पण करणार काय? पाठ अजून पुरा व्हायचा होता.

रविवारी लेक आली. आल्या आल्या आईला मिठी मारली, इंग्रजीत काहीबाही विचारलं. बाई "यस" म्हणाल्या, "नो" म्हणाल्या. लेकीने डोळे पुसले आणि बॅग भरायला घेतली. साड्या ठेवल्या, औषधं ठेवली, चष्म्याची डबी ठेवली.

"जरा थांब," मास्तर म्हणाले. "मला बोलायचंय तिच्याशी."

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याचं वरचं बटण तुटलेलं होतं, पण स्वतःच्या शर्टाला बटण लावणारा शिंपी अजून जन्माला यायचाय. बाईंच्या खुर्चीसमोर ते हात मागे बांधून उभे राहिले आणि खाकरले.

"गुड मॉर्निंग. आय हॅव मेड टी. यू हॅव टेकन युअर टॅब्लेट. यस्टर्डे आय वेंट टू द शॉप. टुमारो आय विल स्टिच युअर न्यू ड्रेस."

लेकीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "बाबा!"

बाईंनी मान वर केली. नीट ऐकलं. त्यांच्या ओठांवर समाधान दिसलं, पेपर तपासताना दिसायचं तसलं.

"गुड," बाई म्हणाल्या. "सिट डाऊन."

आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

मास्तर बसले. वाट पाहिली. बाहेर एक हातगाडी गेली, कुणीतरी कुणालातरी हाक मारली. बाईंची नजर हातगाडीबरोबर गेली आणि तिकडेच राहिली. मास्तरांकडे आता एकच वाक्य उरलं होतं. ते त्यांनी औषधवाल्याकडून वेगळं करून घेतलं होतं आणि करून घेताना दोघांपैकी कुणीच वर पाहिलं नव्हतं.

"आय हॅव मिस्ड यू," ते म्हणाले.

बाईंनी वळून पाहिलं, बोटाने हवेत बरोबरची खूण केली आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

बॅगेची चेन लावल्याचा आवाज झाला.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "तुम्ही खूप केलंत हो. पण बघताय ना? ती बोलतच नाही."

मास्तरांचं डोकं रिकामं झालं. आठवडाभर एकेक करून भरलेलं सगळं कुठल्याकुठे गेलं. ते उठले, खुर्चीचा हात धरला, आणि जे तोंडाला आलं ते बोलले.

"यू गोइंग? नो, नो. यस्टर्डे... यस्टर्डे आय गोड टू शॉप, फॉर यू, आय गोड —"

बाईंची मान गर्रकन फिरली.

"व्हॉट? व्हॉट डिड यू से? गोड?"

आणि बाई तुटून पडल्या. ताठ बसल्या, बोट रोखलं, आणि वाक्यामागून वाक्य सुरू झालं. असं म्हणतात का कुठे, कुणी शिकवलं तुला, लक्ष कुठे असतं, असलंच काहीतरी असणार ते. मास्तरांना चारातलं एक कळत होतं. पण आवाज! आवाज तोच होता. भाजी करपली की, पाहुण्यांसमोर मळका शर्ट घातला की लागायचा तो. त्या रागाने बाईंच्या गालांवर रंग आला होता.

"रिपीट," बाईंनी फर्मावलं. "यस्टर्डे, आय..."

वेंट. शब्द मास्तरांच्या जिभेच्या टोकावर तयार होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि औषधवाल्याचं काउंटर त्यांना आठवलं. हुशार पोरांशी बाई कधी बोलल्याच नाहीत.

त्यांनी एक हात पाठीमागे नेला.

"यस्टर्डे आय वेंटेड."

बाईंनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "वेंटेड! वेंटेड!"

"बाबा, वेंट," लेक मागून म्हणाली. "आत्ताच तर बरोबर म्हणालात तुम्ही —"

मास्तरांनी पाठीमागचा हात जोरात हलवला. लेक गप्प झाली. तिने वडिलांकडे पाहिलं, मग आईकडे. आईचं चालूच होतं. लेक पलंगाच्या कडेवर बसली.

"माय स्पेक्टॅकल्स!" बाई म्हणाल्या. हे ध्यान कोण आहे, ते त्यांना एकदा डोळे भरून बघायचं असावं.

चष्मा बॅगेत होता. लेकीने चेन उघडली. डबी तळाशी गेली होती, म्हणून आधी साड्या काढाव्या लागल्या. तिने त्या पलंगावर ठेवल्या. चष्मा दिला. साड्या तिने परत बॅगेत ठेवल्या नाहीत, आणि मास्तरांनी तिकडे मुद्दामच पाहिलं नाही.

मग मास्तर चुकत राहिले. खाल्लं चुकले, प्यायलं चुकले, आलं-गेलं सगळं चुकले. हातातलं चांगलं काम बिघडवायला कसब लागतं, आणि ते त्यांच्याकडे कधीच नव्हतं. प्रत्येक बरोबर शब्द आधी दारात येऊन उभा राही, त्याला मागे ढकलून चुकीचा पुढे करावा लागे. हे रोज करायचं होतं. उद्या करायचं होतं, परवा करायचं होतं. आणि 'आय हॅव मिस्ड यू' मात्र आता कधीच बरोबर म्हणता येणार नव्हतं. बोलून बोलून त्यांना चहाची तलफ आली.

"आय वॉन्ट्स," ते म्हणाले, "वन मोर टी."

बाईंनी दुरुस्त करायला तोंड उघडलं.

आणि मिटलं. चष्म्याआडून त्या मास्तरांकडे बघत राहिल्या, पांढऱ्या झालेल्या केसांकडे, मग शर्टावर बटणाच्या जागी लोंबणाऱ्या दोऱ्याकडे. मग बाई दमून मागे टेकल्या.

"कम टुमारो," बाई म्हणाल्या.

लेकीने काही न कळून वडिलांकडे पाहिलं. मास्तर खुर्चीचा हात धरून तसेच उभे होते. हे वाक्य विचारायला त्यांना खाली जावं लागलं नाही.