अर्धी शेपटी

मी एक जुनी शेपटी आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. सिंदेवाहीजवळ जंगलाला लागून असलेल्या एका गावात सोमाजी नावाचा धानाचा शेतकरी राहतो. त्याच्या भुऱ्या कुत्र्याची मी शेपटी. मित्रांनो, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, असं म्हणून तुम्ही मला हसता. वाकडी असेन, पण मी कधी खोटं बोलले नाही. भुऱ्याला माया आली की मी सैल डोलायचे, राग आला की ताठ उभी राहायचे आणि भीती वाटली की पोटाखाली शिरायचे.

भुऱ्या पिल्लू असतानाच शेजारचा मुखरू म्हणाला, "सोमाजीभाऊ, शेपूट छाटून टाक. कुत्रा तिखट होते."

गावात सगळे तसंच मानायचे. सोमाजीने पिल्लाला गुडघ्याखाली दाबलं, मला लाकडावर धरलं आणि विळा मारला. पिल्लू किंचाळलं. माझं टोक धुळीत पडून वळवळत राहिलं. जखमेवर चुलीतली राख दाबली, की झालं काम! उरले ती बोटभर मी.

भुऱ्या तिखट झाला खरा, पण शेपटीविना मुका झाला. सोमाजीची बायको गुणाबाई त्याला फार जीव लावायची. ती भाकर टाकायची तेव्हा मी आनंदाने थरथरायचे. माझं तेवढंच बोलणं तिला ठाऊक होतं.

यंदा उन्हाळ्यात एका सकाळी ती मोहफुलं वेचायला निघाली. भुऱ्या सोबत होता. झाडाखाली पोचताच त्याला वाघाचा वास आला. भीतीने त्याचा आवाजच बसला. मी पुरी असते तर पोटाला चिकटले असते, आणि शेपूट घातलेला कुत्रा दिसला की इथली लेकरंसुद्धा मागे फिरतात. मी नुसती थरथरले.

गुणाबाई हसली. "काऊन रे, भाकर पाह्यजे काय? थांब, फुलं येचू दे."

ती वाकली आणि वाघाने मागून तिची मानच धरली. भुऱ्या त्याच्यावर तुटून पडला. एका पंजात त्याचा कान गेला, डोळा गेला, तरी त्याने वाघाच्या पायात रुतवलेले दात सोडले नाहीत. वाघाच्या डरकाळ्या ऐकून आसपासची माणसं काठ्या घेऊन धावली, वाघ पळाला. पण गुणाबाई गेली होती. टोपलीतली फुलं रक्ताने भिजली होती.

सोमाजी आला. त्याने काठी उचलली आणि रक्तबंबाळ भुऱ्यालाच झोडपायला सुरुवात केली. "तुले वास नाई आला? काऊन नाई सांगतलं तिले?"

भुऱ्या पळाला नाही. सोमाजीने त्याला फरफटवायला मागून धरलं, आणि मी त्याच्या मुठीत आले. मी खाली दबून, मघासारखीच थरथरत होते. त्याच्या हातातली काठी गळाली.

"सांगतलं होतं रे तू," तो रडत म्हणाला. "मीच कापून टाकलं."

परवा मुखरू नवं पिल्लू बगलेत मारून आला आणि विळा मागू लागला. सोमाजी जागचा उठला नाही.

"मुखरू, तुही बायको मोहाले जाते ना?"

"जाते ना. काऊन?"

"मंग राहू दे थे शेपूट."

मित्रांनो, त्या पिल्लाची शेपटी अख्खी आहे. ते तुमच्यापुढे आलं, तर हसण्याआधी एकदा तिच्याकडे नीट बघा.