पाचवा ‘का’

“पुन्हा भाग्यश्री!” निरंजनने हजेरीचा कागद टेबलावर आपटला. महिन्यात सहाव्यांदा उशीर! चाकणच्या त्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनत आणि तिथल्या माणसांच्या हजेरी-रजेचा कारभार निरंजनकडे होता. माणूस वाईट नव्हता. फक्त कागदावर दिसतं तेच खरं, असा त्याचा पक्का समज होता. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा असतो.

भाग्यश्री तपासणीच्या टेबलावर काम करायची. केसाएवढी चीरही तिच्या नजरेतून सुटत नसे. पण उशिराची कारणं मात्र एकाहून एक लंगडी. बस चुकली, गाडी पंक्चर झाली, गजर वाजलाच नाही. दोन नोटिसा देऊन झाल्या होत्या आणि तिसरी मिळाली की नोकरी गेली, असा कंपनीचा नियम. ती तिसरी नोटीस टेबलावर तयार होती, सही तेवढी बाकी होती.

तेवढ्यात दौलतराव आत आले. मशीन दुरुस्तीचे हे सर्वांत जुने फोरमन, गाव तिथलंच, चाकणला लागून. बंद पडलेल्या प्रेसचा, म्हणजे पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या मशीनचा, अहवाल त्यांनी आणला होता. मशीन अडलं की नुसतं दुरुस्त करून भागत नाही. ते का अडलं, त्या उत्तरावर पुन्हा का, असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं, ही या कारखान्यांतली रीत. अहवालावर सही घेता घेता त्यांची नजर नोटिशीवर गेली.

“साहेब, प्रेसला आमी पाच डाव ‘का’ इचारलं. या पोरीला किती डाव इचारलं?”

“दर वेळी विचारतो. दर वेळी थाप मारते.”

“मंग एकदाच इचारलं म्हना की! पयल्याच उत्तराव आमी थांबलो असतो, तर तुमी ह्यो कागद आमच्या तोंडाव फेकला असता. लोखंडाची येवढी चौकशी, अन् मानसाची न्हाई व्हय?”

निरंजनला राग आला, पण मुद्दा खोडता येईना. त्याने भाग्यश्रीला बोलावून घेतलं. ती आली आणि हातातला कागद तिने पुढे केला.

“सर, नोटीस नका देऊ. मीच राजीनामा देते.”

खरं तर प्रश्न आपोआप मिटत होता. निरंजनचा हात पुढे गेलाही. पण दौलतराव दारातून हलले नव्हते.

“आधी बसा,” तो म्हणाला. “आज उशीर का झाला?”

“बस चुकली.”

“का चुकली?”

ती हळूच म्हणाली, “अप्पांना एकटं सोडून निघता येईना.”

अप्पा म्हणजे तिचे वडील भीमराज. पिंपरीत एका कारखान्यात तीस वर्षं राबले. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन त्यांची डावी बाजू लुळी पडली. आई कधीच गेलेली. रहाटणीच्या दोन खोल्यांत बाप-लेक दोघंच.

“एकटं का? सांभाळायला कुणी बाई नाही?”

“आक्काबाई आहेत ना. पण माझी सकाळची पाळी असली की त्यांची वेळ जुळत नाही. शेजारच्या काकू येईपर्यंत थांबावं लागतं.”

“का जुळत नाही?”

“त्या म्हणतात, एक वेळ सांग, बारा महिने येते. तुझी वेळ दर सोमवारी बदलते, मी बाकीची घरं कशी सांभाळू?”

“मग दर सोमवारी वेळ का...”

निरंजन मध्येच थांबला. पाळ्यांचा तक्ता तोच बनवत होता. पाचव्या ‘का’चं उत्तर भाग्यश्रीने द्यायचंच नव्हतं, ते त्याचं स्वतःचं होतं!

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“सर, मागच्या वर्षी आपल्याच इथल्या गणराजने आजारी आईसाठी रजा मागितली होती. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, लेकरू आजारी असलं तर समजू शकतो, म्हाताऱ्यांचं काय, नेहमीचंच. सगळे हसले. तेव्हापासून मी पंक्चर सांगायला लागले.”

निरंजनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी साहेबी सवय जाते कुठे!

“दौलतराव, एकीला सवलत दिली तर उद्या दहा जण उभे राहतील.”

“ऱ्हाऊ द्या की! दहा घरांत म्हातारं मानूस हाय, येवढं तरी कळंल. अन् सवलत कुनी मागितली? नुसती घडी बसवायची हाय.”

त्या दिवशी सही झाली नाही. राजीनामाही परत गेला. दुसऱ्या दिवशी निरंजनने कामावरच्या सगळ्यांना, घरी म्हातारं माणूस कुणाकुणाला सांभाळावं लागतं, असं विचारलं, तेव्हा एकेक करत अकरा हात वर आले. गणराजला आईच्या डायलिसिससाठी सकाळ मोकळी हवी होती, म्हणजे कायम दुपारची पाळी. भाग्यश्रीला नेमकी सकाळची, कारण वेळ कायमची ठरली तर आक्काबाई पहाटेही यायला तयार होत्या. अशा जोड्या जुळल्या, बाकीच्यांच्या पाळ्या पूर्वीसारख्या फिरत राहिल्या. कामगारांचे मोबाइल गेटवर जमा होत, म्हणून घरच्यांना तातडीच्या निरोपासाठी फोरमनचा नंबर दिला गेला. पहिले पंधरा दिवस तक्त्याचा नुसता गोंधळ उडाला, दोन भांडणं झाली, वरच्या साहेबांची बोलणीही निरंजनला खावी लागली. मग हळूहळू घडी बसली.

महिन्याभराने भाग्यश्री पुन्हा त्याच्यापुढे उभी राहिली.

“सर, गुरुवारी अर्धा दिवस हवाय. अप्पांना दवाखान्यात न्यायचंय.”

बोलताना तिची मान खाली नव्हती. निरंजनने कारणाच्या रकान्यात ‘वडिलांची देखभाल’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि सही केली.

मित्रहो, आपल्या हाताखाली चार माणसं असोत की चारशे, त्यांतली कितीतरी रोज दोन पाळ्या करतात, एक कंपनीत आणि एक म्हाताऱ्या आई-बापाच्या खाटेशी. त्यांना आपली दया नको. त्यांना ठरलेली वेळ हवी, अडीनडीला अर्धा दिवस हवा, आणि खरं कारण सांगितलं तर कुणी हसणार नाही, याची खात्री हवी. ती खात्री द्यायला कुठल्याही साहेबाला वरून हुकूम यावा लागत नाही.